मिरजेचं मिशन हॉस्पिटल, नन आणि ‘सिस्टर’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेत नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर मिशनरी रुग्णालयांच्या इतिहासावर दोन-चार ठिकाणी बोलले, आणि तेव्हापासून फोनवर प्रश्न यायचे थांबलेले नाहीत. बरेचसे प्रश्न तेच ते असतात, पण विचारणाऱ्याला ते पहिल्यांदाच पडलेले असतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे. प्रश्न शक्यतो ज्या शब्दांत आले त्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. मिरजेचं मिशन हॉस्पिटल नन लोकांनी सुरू केलं ना?

नाही. सर्वांत जास्त वेळा हाच प्रश्न येतो आणि विचारणाऱ्याची तशी खात्रीच झालेली असते.

मिरजेचं हॉस्पिटल उभं केलं डॉ. विल्यम जेम्स वानलेस यांनी. ते जन्माने कॅनडाचे, वैद्यकीचं शिक्षण न्यूयॉर्कचं, आणि त्यांना पाठवलं होतं अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मिशनने. प्रेस्बिटेरियन हा प्रोटेस्टंटांमधला एक पंथ. त्या पंथात नन नसतात; नन असतात त्या मुख्यतः कॅथलिक, म्हणजे रोमच्या पोपला मानणाऱ्या पंथात. वानलेस १८८९ च्या अखेरीस पत्नी मेरी यांच्यासह हिंदुस्थानात आले. आधी सांगलीत दवाखाना चालवला, मग मिरजेला आले. १८९४ मध्ये हॉस्पिटल सुरू झालं आणि १८९७ मध्ये त्याच्या जोडीला वैद्यकीय शाळा निघाली. १९२८ मध्ये ते निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९३३ मध्ये ते गेले. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. तिथे क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम होतं.

मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे कर्नाटकातून, गोव्यातून, कोकणातून माणसं गाडीने येत. मोतीबिंदू काढून घरी परतलेला एक माणूस पुढच्या खेपेला चार जणांना घेऊन येई. आजही स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ‘मिशन’ एवढंच म्हटलं तरी पुरतं. १९६२ मध्ये मिरजेला मेडिकल कॉलेज निघालं, त्याची पाळंमुळंही याच हॉस्पिटलात आहेत.

२. मग तिथल्या नर्सेसना सगळे ‘सिस्टर’ का म्हणायचे?

तिथल्याच कशाला, सांगलीच्या सिव्हिलमध्येही ‘सिस्टर’च म्हणतात आणि ते सरकारी आहे. गोंधळाचं मूळ या एका शब्दात आहे.

हा शब्द आला इंग्लंडमधून. लंडनचं सेंट बार्थोलोम्यू हे रुग्णालय ११२३ सालचं. ते मठाला जोडलेलं होतं आणि रुग्णांची शुश्रूषा व्रतस्थ भगिनी करत. पुढे सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ मोडले. भगिनी गेल्या, पण वॉर्ड सांभाळणाऱ्या बाईला ‘सिस्टर’ म्हणायची रीत राहिली. इंग्रजांच्या इस्पितळांतून ती आपल्याकडे आली. आपण तर पुरुष नर्सला ‘ब्रदर’ म्हणायला लागलो.

सरकारी कागदावर पदनामं वेगळी आहेत. अधिसेविका म्हणजे मेट्रन, परिसेविका म्हणजे वॉर्डची इन्चार्ज आणि अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स. पण मी एवढ्या वर्षांत एकाही नातेवाइकाला ‘ओ अधिपरिचारिका’ अशी हाक मारताना ऐकलं नाही. जत तालुक्यातल्या एक आजीबाई मला ‘सिस्टरबाई’ म्हणायच्या. बहीण आणि बाई दोन्ही एकदम! मला ते फार आवडायचं.

३. नन, सिस्टर, मदर, धर्मभगिनी यांत नेमका फरक काय?

बोलताना सगळे शब्द एकमेकांच्या जागी चालतात. काटेकोरपणे पाहिलं तर ‘नन’ म्हणजे गंभीर व्रतं घेऊन मठाच्या चार भिंतींत राहणारी. बाहेर जाऊन शाळा चालवणारी, रुग्णसेवा करणारी ती ‘सिस्टर’, मराठीत धर्मभगिनी. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं दोघींनाही असतात. ‘मदर’ म्हणजे मठाची किंवा संघाची प्रमुख. एका नियमाखाली राहणाऱ्या भगिनींच्या समूहाला मी इथे ‘संघ’ म्हणते आहे.

म्हणजे रुग्णालय चालवणाऱ्या बहुतेक जणी काटेकोर अर्थाने ‘नन’ नव्हेतच. पण लोक नन म्हणतात, म्हणून मीही पुढे तसंच म्हणणार आहे.

४. कॅथलिक काय, प्रोटेस्टंट काय, मिशन ते मिशनच ना? एवढा फरक का करायचा?

कारण त्यावरून रुग्णालयाची घडण बदलते. प्रोटेस्टंट मिशन रुग्णालय बहुतेक वेळा एखाद्या डॉक्टरभोवती वाढलं. डॉक्टर संसारी, मिशनकडून पगार घेणारा, आणि त्याच्या हाताला यश आलं की गावोगाव त्याचं नाव. मिरज त्याचा उत्तम नमुना. ननचं रुग्णालय संघाभोवती वाढतं. एक सिस्टर गेली की दुसरी येते, पगार कुणालाच नसतो, आणि संस्थापिकेचं नाव गावाला माहीतही नसतं.

दुसरा फरक काळाचा आहे. मिरजेला १८९४ मध्ये हॉस्पिटल उभं राहिलं, पण त्या वर्षी एखादी नन स्वतः सर्जन म्हणून इथे आली असती का? येऊच शकली नसती. का, ते प्रश्न ८ मध्ये आहे. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली ती सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

५. म्हणजे सातारा-सांगली भागात नन आल्याच नाहीत?

आल्या, पण शिक्षिका म्हणून. पाचगणीचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ चं, ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या संघाच्या भगिनींनी काढलेलं. म्हणजे मिरजेला हॉस्पिटल निघालं त्याच्या दुसऱ्याच वर्षी साताऱ्याच्या डोंगरावर नन होत्या, पण हातात खडू घेऊन.

पाचगणीचं बेल एअर हॉस्पिटल त्यांचंच, असंही बरेच जण समजतात. ते डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी १९१२ मध्ये काढलं, पुढे ते रेडक्रॉसकडे गेलं. वाईचं मिशन हॉस्पिटल अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे तेही प्रोटेस्टंट.

६. जगात नन लोकांनी रुग्णालयं चालवायला कधीपासून सुरुवात केली?

मठांना जोडलेली रुग्णालयं मध्ययुगापासून आहेत. पण आपण ज्याला लोकांचं रुग्णालय म्हणू, त्याची मोठी पायरी १६३३ ची. पॅरिसमध्ये व्हिन्सेंट डी पॉल आणि लुईस द मारियाक यांनी ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा संघ काढला. गावाकडच्या साध्या मुली त्यात आल्या. व्हिन्सेंटने त्यांना सांगितलं, की रुग्णाचं घर हाच तुमचा मठ आणि शहरातले रस्ते हेच तुमचं आवार. त्यांना मठात कोंडून घ्यायचं नाही म्हणून व्रतंसुद्धा अशी ठेवली की ती दरवर्षी नव्याने घ्यायची. त्यानंतर सहाच वर्षांनी, १६३९ मध्ये, ऑगस्टिनियन नन समुद्र ओलांडून कॅनडातल्या क्यूबेकला पोहोचल्या आणि तिथे त्यांनी रुग्णालय उभारलं.

मी वर्गात मात्र नेहमी तिसरं उदाहरण द्यायची. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रोचेस्टर नावाचं छोटं गाव होतं. २१ ऑगस्ट १८८३ ला तिथे चक्रीवादळ आलं. जखमींना ठेवायला जागा नव्हती. गावात शाळा चालवणाऱ्या फ्रान्सिस्कन भगिनींनी आपली जागा उघडली. ते सगळं निस्तरल्यावर त्यांच्या प्रमुख मदर आल्फ्रेड मोझ यांनी गावातल्या डॉ. विल्यम मेयो यांना गळ घातली, की आम्ही रुग्णालय बांधतो, तुम्ही सांभाळा. डॉक्टरांना वाटलं, गाव लहान आहे, चालायचं नाही. भगिनींनी पै पै करून पैसे जमवले आणि ३० सप्टेंबर १८८९ ला २७ खाटांचं सेंट मेरीज हॉस्पिटल उघडलं. आज जगभर नाव असलेलं मेयो क्लिनिक वाढलं ते या हॉस्पिटलच्या आधाराने. वानलेस हिंदुस्थानात आले तेही १८८९ मध्येच.

पण एक बघा. भगिनींनी पैसा उभा केला, इमारत बांधली, शुश्रूषा केली. डॉक्टर मात्र बाहेरचे आणि पुरुष.

७. सर्जरीच्या पुस्तकात ‘सिस्टर मेरी जोसेफ नोड्यूल’ आहे. ही सिस्टर म्हणजे नर्स की नन?

दोन्ही. मिरजेच्या मेडिकलच्या मुलांचा हा दरवर्षीचा प्रश्न.

त्या रोचेस्टरच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्याच. मूळ नाव ज्युलिया डेम्प्सी. जन्म १८५६ चा, मृत्यू १९३९ चा. मोठ्या मेयोंचा मुलगा, त्याचंही नाव विल्यम, त्याच्या ऑपरेशनला त्या कित्येक वर्षं पहिल्या मदतनीस म्हणून उभ्या राहिल्या. ऑपरेशनआधी पोटाची त्वचा धुऊन पुसून तयार करणं हे त्यांचं काम. ते करताना काही रुग्णांच्या बेंबीत बोटाला टणक गाठ लागते आणि त्या रुग्णांचा पोटातला कॅन्सर हमखास पसरलेला निघतो, हे त्यांनी हेरलं आणि डॉक्टरांना सांगितलं. १९२८ मध्ये मेयोंनी त्यावर लिहिलं. त्या गाठीला त्यांचं नाव मिळालं ते १९४९ मध्ये, हॅमिल्टन बेली या इंग्रज सर्जनमुळे. तोवर सिस्टरला जाऊन दहा वर्षं झाली होती.

मुलींना पोटाची तयारी शिकवताना मी ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जात नसे. बोळा बेंबीवरून फिरवताना बोटाने बघा, नुसतं पुसू नका.

८. ननना डॉक्टर व्हायला चर्चची बंदी होती हे खरं का?

खरं आहे. बंदी एका दिवसात आलेली नाही, ती शतकानुशतकं साचत गेली.

१२१५ मध्ये रोमला लॅटरनची चौथी धर्मपरिषद भरली. तिने ठरवलं, की दीक्षित धर्मगुरूंनी कापणं-डागणं असलेली शस्त्रक्रिया करायची नाही. पूजेच्या हातांना रक्त लागू नये, रोगी दगावल्याचा दोष येऊ नये, हा विचार. पुढे १९१७ च्या चर्च कायद्यात लिहिलं गेलं, की धर्मगुरूंनी रोमच्या खास परवानगीशिवाय वैद्यकी किंवा शस्त्रक्रिया करू नये, आणि धर्मगुरूंची ही बंधनं व्रतस्थ भगिनींनाही लागू केली गेली. बाळंतपणाचं काम तर भगिनींसाठी अगदीच वर्ज्य. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या बाईने ते बघू नये, असं समजत.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. नन जखम धुऊ शकत होती, औषध देऊ शकत होती, रात्रभर उशाशी बसू शकत होती. पण अडलेल्या बाळंतिणीला हात लावायचा नाही. आणि जिथे परपुरुषाने नाडी बघायलाही घरच्यांची ना होती, तिथे अडलेल्या बाईला दुसरं कोण होतं? सुईण होती, तिचं चाललं तेवढं चाललं.

आपल्याकडेही हेच दुखणं होतं. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून एम.डी. होऊन आल्या, तेव्हा कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डावर नेमलं होतं. मिरजेपासून पन्नासेक किलोमीटरवर. रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, आनंदीबाई गेल्या. स्त्री-डॉक्टरची वाट अख्खा मुलूख बघत होता आणि चर्चच्या ताब्यात शिकायला-राबायला तयार असलेल्या हजारो बायका होत्या. मधे आडवा आला तो एक नियम.

९. मग ती बंदी उठवली कुणी?

दोन डॉक्टर बायकांनी, ज्या एकमेकींना कधीच भेटल्या नाहीत.

पहिली ॲग्नेस मॅकलॅरन. एडिनबरोची, जन्म १८३७ चा. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये बायकांना वैद्यकीची पदवी मिळत नव्हती म्हणून ती फ्रान्सला गेली आणि १८७८ मध्ये माँपेलियेहून डॉक्टर झाली. साठीच्या घरात आल्यावर कॅथलिक झाली. पंजाबातल्या पडदानशीन बायका पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत आणि तशाच मरतात, हे तिला समजलं. बाहत्तराव्या वर्षी ती रावळपिंडीला आली आणि बायका-मुलांसाठी सेंट कॅथरीन्स हॉस्पिटल उभं केलं. मग तिच्या लक्षात आलं, की तिथे कायम राहतील अशा नन-डॉक्टर मिळाल्याशिवाय हे चालायचं नाही. या वयात ती पुन्हा पुन्हा रोमला जाऊन नियम बदला म्हणून सांगत राहिली. १९१३ मध्ये ती वारली, तेव्हा नियम जसाच्या तसा होता.

दुसरी ॲना डेंगेल. ऑस्ट्रियातल्या टिरोल या डोंगराळ मुलखात, श्टेग नावाच्या गावात १८९२ मध्ये जन्मलेली. मॅकलॅरनच्या कामाबद्दल तिच्या कानावर आलं, तिने पत्र लिहिलं, उत्तर आलं. मॅकलॅरनचा सल्ला अगदी व्यवहारी होता. हिंदुस्थानात काम करायचं तर ब्रिटिश राज्यात चालणारी पदवी घे. म्हणून ॲना आयर्लंडमधल्या कॉर्कला शिकली, १९१९ मध्ये डॉक्टर झाली आणि १९२० मध्ये रावळपिंडीत दाखल झाली.

जवळजवळ चार वर्षं ती त्या हॉस्पिटलात राबली. मदतीला भगिनी होत्या, पण डॉक्टर ती एकटी. तिलाही व्रत घ्यायची ओढ होती. पेच असा, की नन व्हायचं तर डॉक्टरकी सोडावी लागणार. इथे तिने जे केलं त्याचं मला अजून नवल वाटतं. दोन्हींतलं एक निवडण्याऐवजी तिने नवाच संघ काढायचं ठरवलं. ३० सप्टेंबर १९२५ ला वॉशिंग्टनमध्ये चौघी एकत्र आल्या. दोन डॉक्टर, दोन नर्स. हाच ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ संघ. नियम आडवा येऊ नये म्हणून त्यांनी जाहीर व्रतं घेतलीच नाहीत. राहायच्या ननसारख्या, कागदोपत्री नन नव्हत्या. १९२७ मध्ये त्यांनी रावळपिंडीला होली फॅमिली हॉस्पिटल उघडलं.

शेवटी ११ फेब्रुवारी १९३६ ला रोमहून आदेश निघाला. मिशनच्या मुलखात काम करणाऱ्या भगिनींनी वैद्यकीचं आणि सुईणपणाचंही रीतसर शिक्षण घ्यावं, असं त्यात सांगितलं होतं. नुसती परवानगी नव्हे, उत्तेजनच. त्यानंतरच डेंगेल आणि तिच्या सोबतिणींना जाहीर व्रतं घेता आली. डेंगेल १९८० मध्ये रोममध्ये वारली.

१०. म्हणजे १९३६ च्या आधी एकही नन डॉक्टर नव्हती?

होती, आणि ती हिंदुस्थानातच होती. नियमात ‘खास परवानगीशिवाय’ असे शब्द होते ना (प्रश्न ८), तीच ही परवानगी.

डॉ. मेरी ग्लोरी ऑस्ट्रेलियाची, जन्म १८८७ चा, मेलबर्नला शिकलेली. १९२० मध्ये ती गुंटूरला आली, तिथल्या ‘जीझस मेरी जोसेफ’ या डच संघात दाखल झाली, आणि व्रतस्थ राहून डॉक्टरी करायला तिला पोप पंधरावे बेनेडिक्ट यांची परवानगी मिळाली. गुंटूरचं सेंट जोसेफ हॉस्पिटल तिच्या कामातून वाढलं.

१९४३ मध्ये आणखी सोळा भगिनींना घेऊन तिने देशभरच्या कॅथलिक रुग्णालयांची संघटना काढली. आजची कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया ती हीच. तिच्या सभासद संस्था तीन हजारांहून जास्त आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा आडगावातले छोटे दवाखाने आहेत. कॅथलिक मेडिकल कॉलेज व्हावं हाही तिचाच ध्यास. ती १९५७ मध्ये बंगळुरूत वारली आणि १९६३ मध्ये त्याच शहरात सेंट जॉन्स कॉलेज सुरू झालं.

११. रावळपिंडीचं हॉस्पिटल आता आहे का?

आहे. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेलं. आता ते सरकारी आहे, पण नाव होली फॅमिलीच. मेडिकल मिशन सिस्टर्सनी पुढे भारतात पाटणा, दिल्ली अशा ठिकाणीही त्याच नावाची रुग्णालयं उभारली. नावाचा अर्थ पवित्र कुटुंब, म्हणजे येशू, मेरी आणि जोसेफ.

१२. मदर तेरेसा नर्स होत्या का?

नाही, त्या मूळच्या शिक्षिका. कोलकात्याच्या शाळेत शिकवत. १९४८ मध्ये वस्तीत काम करायला बाहेर पडल्या, तेव्हा आधी पाटण्याला जाऊन मेडिकल मिशन सिस्टर्सकडे काही महिने शुश्रूषेचे धडे घेतले. डेंगेलचा धागा असा तिथवर पोहोचला.

१३. स्पष्ट विचारतो, राग मानू नका. ही रुग्णालयं धर्मांतरासाठीच होती ना?

राग कशाचा? स्पष्टच सांगते. धर्मप्रसार हा मिशनचा हेतू होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. वॉर्डात प्रार्थना होत, बायबलमधलं वाचून दाखवत. देणगीदारांनाही त्याचाच हिशेब हवा असे.

पण ‘साठीच’ म्हणाल तर तो ‘च’ मला मान्य नाही. मिरजेला सव्वाशेहून जास्त वर्षं रुग्णांची रीघ लागली आहे, आणि २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यातली ख्रिस्ती वस्ती एक टक्काही भरत नाही. माणसं आली, बरी झाली आणि आपापल्या देवाला नारळ फोडायला घरी गेली.

आणि सेवा ही परक्यांनीच शिकवली, असंही कुणी समजू नये. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगात रोग्यांना उचलून दवाखान्यात नेत होत्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्याच वर्षी मिरजेला वैद्यकीय शाळा निघाली.

१४. नन चालवतात त्या रुग्णालयात उपचार फुकट असतात का?

सरसकट नाही. भगिनींना पगार नसला तरी औषधं, यंत्रं, वीज, बाहेरचे डॉक्टर यांचा खर्च चुकत नाही.

मात्र रुग्णालय सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल आणि त्याचा वार्षिक खर्च पाच लाखांच्या वर असेल, तर महाराष्ट्राच्या न्यास कायद्याचं कलम ४१अअ लागू होतं. मग ते ननचं असो, मिशनचं असो की एखाद्या शेठजींच्या नावाचं. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा, शक्यतो दाखल करतानाच. बिल हातात पडल्यावर धावपळ केली तर फार उशीर होतो. दाद मिळाली नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या.

१५. बाळंतपणातच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घ्यायचं आहे. कॅथलिक रुग्णालयात होतं का?

नाही. नसबंदी आणि गर्भपात तिथे करत नाहीत. १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम संततिनियमनाला मनाई कायम ठेवली आणि कॅथलिक संस्था तो नियम पाळतात. प्रोटेस्टंट मिशनच्या रुग्णालयांना पोपचा नियम लागू नाही, पण तिथेही आधी विचारा. सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून घ्या. कळा सुरू झाल्यावर दुसरं रुग्णालय शोधायची वेळ कुणावर येऊ नये.

१६. हल्ली अशा रुग्णालयांत नन दिसत का नाहीत?

संघात येणाऱ्या मुली कमी झाल्या आणि जुन्या भगिनी थकल्या. दिल्लीचं होली फॅमिली १९५३ मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्सनी उघडलं, पुढे ते तिथल्या कॅथलिक धर्मप्रांताच्या हाती गेलं. काही संघांनी मोठी रुग्णालयं आपणहून सोडली आणि खेड्यांतल्या आरोग्यकामाकडे वळले. शिवाय अनेक भगिनी आता साध्या साडीत किंवा सलवार-कमीजमध्ये असतात. तुमच्या शेजारी उभी असली तरी तुम्हाला कळणार नाही.

१७. आजीचा जुना फोटो सापडला. पांढरा पोशाख, डोक्यावर पांढरं कापड. आजी आधी नन होती का?

असे फोटो मला बरेच जण पाठवतात, आणि आजवर आलेल्या सगळ्या फोटोंत नर्सच निघाली आहे. त्या काळी नर्सच्या डोक्यावरही पाठीवर रुळणारं पांढरं कापड असे, म्हणून चकायला होतं.

फोटो मोठा करून छातीकडे बघा. डाव्या बाजूला पिनेने उलटं टाचलेलं छोटं घड्याळ दिसलं तर ती नर्स. समोरच्याला ते उलटं दिसतं, पण नुसती मान खाली घातली की घालणारीला सुलटं दिसतं. एका हाताची तीन बोटं रुग्णाच्या नाडीवर, दुसऱ्या हातात पेन्सिल आणि नजर सेकंदकाट्यावर. मनगटावर घड्याळ नको, कारण हात सारखे धुवायचे. माझं अजून कपाटात आहे, किल्ली दिली की चालतं.

मग कपाळ बघा. केस दिसत असतील, कंबरेला पट्टा असेल, तर नर्सच. ननचे जुन्या फोटोंत केस बहुधा दिसत नाहीत, आणि गळ्यात क्रूस किंवा कंबरेला जपमाळ असते. अपवाद एकच. सिस्टर मेरी जोसेफसारखी (प्रश्न ७) दोन्ही असलेली बाई असेल तर नुसत्या फोटोवरून निकाल लावू नका.

१८. घरातल्या कुणाचं तरी नाव जुन्या मिशनच्या कागदांत शोधायचं आहे. ‘सांगली जिल्हा’ कुठेच सापडत नाही. कसं शोधू?

सापडणार नाही, कारण तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. मिरज आणि सांगली ही पटवर्धनांची संस्थानं. मिरजेच्याही दोन पात्या होत्या, थोरली आणि धाकटी. शहर थोरल्या पातीत. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात आणि जत हे वेगळं संस्थान. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून कागद कोणत्या सालचा ते आधी ठरवा, मग त्या सालचं नाव शोधा. अमेरिकन कागदांत हा भाग आधी ‘कोल्हापूर मिशन’ आणि नंतर ‘वेस्टर्न इंडिया मिशन’ या नावाखाली येतो. ते कागद फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहेत. नर्स म्हणून नोंदणी झालेली असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे चौकशी करा.

नर्सचं नाव माहेरचं आणि सासरचं अशा दोन्ही आडनावांनी बघा. प्रशिक्षण बहुधा लग्नाआधीचं असतं. ननचं काम अधिक अवघड, कारण व्रत घेताना तिचं नावच बदलायचं. ज्युलियाची मेरी जोसेफ झाली, मेरी ग्लोरीची सिस्टर मेरी ऑफ द सेक्रेड हार्ट. त्यामुळे घरातलं नाव घेऊन कागद चाळू नका. आधी संघ कोणता ते शोधा, त्या संघाच्या मुख्य मठाला पत्र लिहा आणि पत्रात घरचं नाव, जन्मगाव, आईवडिलांची नावं आणि घर सोडल्याचं अंदाजे साल एवढं कळवा. त्यांच्या नोंदवहीत दोन्ही नावं शेजारी-शेजारी लिहिलेली असतात.